कुंड्या कपाटात ठेवून काय लोणचं घालायचंय?

पत्र थोडक्यात देतोय, मूळ पत्र चार पानी होतं.

"गेली ९ वर्षं बोन्साय करतेय. झाडं ११ आहेत आणि हाताने घडवलेल्या कुंड्या ४३. नवरा म्हणतो की आता तुझा छंद झाडांचा राहिलाच नाही, मडक्यांचा झालाय. एका कुंभाराकडून निळ्या ग्लेझची (म्हणजे मातीवरच्या काचेसारख्या चकचकीत लेपाची) ओव्हल कुंडी करून घेतली, सव्वा वर्ष थांबले तिच्यासाठी, ती येऊन दोन वर्षं झाली आणि अजून कापडात गुंडाळून कपाटात आहे कारण त्यात झाड लावायची हिंमतच होत नाही. चरा पडला, पांढरे डाग पडले तर? शिवाय ऑनलाईन एक 'शंभर वर्षं जुनी चिनी' चौकोनी कुंडी घेतली, ती खरी आहे की मी फसले ते कळत नाही. आता हे सगळं थांबवू का? – कपाटभर कुंड्यांची मालकीण"

ताई, आधी निळ्या कुंडीचं बोलू कारण पत्रात बाकी तीन प्रश्न असले तरी खरं दुखणं तेच आहे, बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूने आलंय. तिच्यात झाड लावा. या वर्षीच. तुमच्याकडे जो एल्म आहे ना, पानगळीचं झाड, ज्याचं तुम्ही दोन ओळींत वर्णन केलंय, "साधारण ४५ सेंटीमीटर उंच, बुंधा मनगटाएवढा", तोच लावा. का ते सांगतो, आणि जरा लांबण लावतो कारण याच चुकीत मी स्वतः सहा वर्षं घालवलीत.

माझ्याकडे एक सेलाडॉनची, म्हणजे फिकट हिरवट ग्लेझची, गोल कुंडी होती, ढोलकीसारखी, काठाखाली मातीचे बारीक खिळे चिकटवलेले. फार सुंदर. डब्यातून काढायची, कोणी आलं की दाखवायची, परत डब्यात. सहा वर्षांनी एकदाची लावली त्यात झाड आणि पहिल्याच पावसात लक्षात आलं की पाणी निघतच नाहीये, खालून ठिबकतंय पण वर तळं. काढून बघितलं तर भोकाभोवती ग्लेझचा आणि मातीचा उंचवटा राहिलेला, तळ मध्ये उंच आणि कडेला खोल, म्हणजे भोक सगळ्यात उंच जागी! सहा वर्षं मी त्या कुंडीचं कौतुक केलं आणि ती कुंडी म्हणून बादच होती. कपाटात कळलंच नसतं. आता कुठलीही कुंडी हातात आली की मी ती सपाट ओट्यावर ठेवतो, एक पेला पाणी ओततो आणि मागे किती राहतं ते बघतो. थोडं ओलं राहिलं तर चालतं, पण डबकं साचलं तर त्यात मुळं कुजणार. तुमच्या ४३ पैकी किती कुंड्यांना अशी पाण्याची परीक्षा दिलीत? एक रविवार काढा आणि सगळ्यांना द्या, मला खात्री आहे चार-पाच तरी नापास होतील, आणि नापास झालेल्यांचं काय करायचं हा प्रश्न आपोआप सुटेल.

दुसरं म्हणजे डाग. तुम्ही ज्याला डाग म्हणताय त्यातला अर्धा भाग हा लोक ज्याच्यासाठी वेडे होतात तोच असतो. नवीन कुंडीचा एक कोरा चमचमाट असतो, भट्टीतून आताच आल्यासारखा, आणि झाडाशेजारी तो डोळ्यात खुपतो. पाणी, माती, ऊन, हात लागणं, ओल्या फडक्याने पुसणं, असं वर्षानुवर्षं झालं की तो चमचमाट बसतो आणि बिनग्लेझच्या तांबड्या मातीला तर एक खोल, तेलकट नसलेली झाक येते. जपानी लोक याला चक्क 'काळ' अशा अर्थाचा शब्द वापरतात, जिदाई, म्हणजे कुंडीवर काळ चढलाय. हा काळ कपाटात चढत नाही. कपाटात फक्त धूळ चढते.

पांढरा थर मात्र वेगळा. तो पाण्यातल्या क्षाराचा असतो आणि तो नको असेल तर पाणी घालून झालं की काठ आणि बाहेरची बाजू ओल्या फडक्याने पुसायची, एवढंच, मिनिटाचं काम. बसलाच थर तर कुंडी रिकामी असताना पावसाच्या पाण्यात दोन-तीन दिवस बुडवून नायलॉनच्या मऊ ब्रशने घासा. व्हिनेगर किंवा टॉयलेट साफ करायचं काही ओतू नका हो. लोक व्हिडिओ बघून ओततात. बिनग्लेझची माती ते शोषून घेते आणि काही ग्लेझ, विशेषतः कमी तापमानावरची, ॲसिडने कायमची निस्तेज होतात, आणि पांढऱ्या थरासोबत जिदाईही धुवून निघते ती वेगळीच.

आणि फुटण्याची भीती. ती खरी आहे, नाही म्हणत नाही. पण कुंड्या बहुतेक वेळा झाड असताना फुटत नाहीत, झाड काढताना फुटतात. माझी एक फुटली ती अशीच, तोंड आत वळलेली कुंडी, म्हणजे पोट मोठं आणि काठ आत, दिसायला लाजवाब, पण मुळांचा गोळा पोटाएवढा झाला आणि तोंडातून बाहेर येईना, मी घाई केली, स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटायला गेलो आणि टक्. काठाचा बोटभर तुकडा हातात. तेव्हापासून नियम: आत वळलेल्या तोंडाच्या कुंडीत जोरात मुळं करणारं झाड लावायचं नाही, आणि काढायची वेळ आलीच तर पातळ करवतीने आतून कडेकडेने मुळं कापून गोळा सुटा करायचा, उचकटायचं नाही. तुमची निळी ओव्हल बाहेर उघडणारी आहे असं लिहिलंय, म्हणजे ती भीती नाहीच. कडाक्याची थंडी पडून पाणी गोठणाऱ्या जागी राहत असाल तर अजून एक बघा. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, आणि माती पाणी पिणारी असेल तर आतूनच तडकते. परीक्षा सोपी आहे. कोरडी कुंडी वजन करा, २४ तास पाण्यात बुडवा, बाहेरून पुसून परत वजन करा. १२०० ग्रॅमची कुंडी २०-२५ ग्रॅम पाणी पित असेल तर बरं, ६०-७० ग्रॅम प्यायली तर तिला गोठणाऱ्या रात्री बाहेर ठेवू नका. साधारण १२०० अंशांच्या वर भाजलेल्या स्टोनवेअरमध्ये, म्हणजे घट्ट दगडासारख्या झालेल्या मातीत, ही चिंता कमी असते, कमी भाजलेल्या मातीत जास्त.

एवढं सगळं करूनही मन होत नसेल तर एक मधला रस्ता आहे आणि तो काही मी शोधलेला नाही, मोठमोठे बोन्सायवालेच तसं करतात. टोकियोत १९३४ पासून भरणारं कोकुफू-तेन नावाचं प्रदर्शन आहे, बोन्सायमधलं सगळ्यात मानाचं, तिथे येणारी कितीतरी झाडं वर्षभर साध्या ट्रेनिंगच्या, म्हणजे झाड वाढवायच्या-घडवायच्या, कुंडीत असतात आणि प्रदर्शनापुरती भारी जुन्या कुंडीत उचलून ठेवतात, मुळांना फारसा हात न लावता, आणि नंतर परत. म्हणजे भारी कुंडी ही सणाच्या पैठणीसारखी. तुम्हीही तसं करू शकता. पण खरं सांगू का, मला हा रस्ता तुमच्यासाठी फारसा पटत नाही, कारण तुमची कुंडी काही दोनशे वर्षं जुनी ठेव नाहीये, एका जिवंत माणसाने तुमच्या झाडाचा फोटो बघून ती बनवलीय, सव्वा वर्ष लावून, आणि तो बिचारा दोन वर्षं वाट बघतोय की झाडासकट फोटो कधी येतोय. मी ज्या कुंभारांना ओळखतो ते सगळे एकच गोष्ट मागतात, लावल्यावर फोटो पाठवा. पैशांपेक्षा त्याने खूश होतात.

तुम्हाला बहुतेक कल्पना नसेल की ती कुंडी तुमच्यापर्यंत येईतो काय काय होऊ शकलं असतं. वाळताना आणि भाजताना माती मिळून १०-१५ टक्के आकसते, म्हणजे तुम्हाला ३० सेंटीमीटर हवी तर त्याने ओली ३४ च्या आसपास बनवायची, आणि सगळीकडून सारखी आकसेल याची खात्री नाही, काठ आधी वाळतो, तळ मागून, म्हणून लांबट कुंड्या वाकतात, चौकोनी तर फारच, कोपरे वर उचलले जातात. मोठी सरळसोट आयताकृती कुंडी साधी दिसते म्हणून लोक नाक मुरडतात पण कुंभाराला विचारा, नक्षीवाल्या छोट्या दहा परवडल्या. मग ग्लेझ. तांब्याचं उदाहरण घ्या, भट्टीत हवा मोकळी असेल तर हिरवं येतं आणि हवा कोंडली तर तेच तांबं लाल होतं. निळा सहसा कोबाल्टचा. तुम्ही फोटो पाठवलाय त्यात दिसतंय बघा, काठावर ग्लेझ पातळ होऊन खालची तपकिरी माती डोकावतेय आणि खाली पायांच्या वर तो निळा साचून जवळजवळ जांभळा झालाय, एक थेंब तर पायाच्या अर्ध्यावर येऊन थिजलाय. तो थेंब अजून अर्धा सेंटीमीटर खाली गेला असता तर कुंडी भट्टीच्या फळीला चिकटली असती आणि फेकावी लागली असती. आणि एल्मची पानं पिवळी पडली की त्या निळ्यावर जे दिसेल ते मी आत्ताच इथे बसून बघतोय.

मापाचं म्हणाल तर कुंडीची खोली साधारण बुंध्याच्या जाडीएवढी आणि लांबी झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांश, हा ढोबळ हिशोब, तुमच्या ४५ ला ३० बरोबर बसतंय. सुचिपर्णी झाडांना बिनग्लेझची, पानगळीच्या आणि फुलाफळांच्या झाडांना ग्लेझची, हाही ढोबळच, मोडायला हरकत नाही पण माहिती असून मोडा.

आता त्या 'शंभर वर्षं जुन्या' चौकोनीबद्दल. जुन्या चिनी कुंड्यांना जपानी लोकांनी त्या जपानात कधी आल्या त्यावरून नावं दिलीत, सगळ्यात आधी आलेल्या कोवातारी, मधल्या नाकावातारी, मग त्यानंतरच्या, आणि या नावांवर एवढा बाजार चालतो की नकलाही तेवढ्याच. यातल्या कितीतरी चांगल्या कुंड्या चीनमधल्या यीशिंगच्या, जिथली जांभळट 'झिशा' माती चहाच्या किटल्यांसाठी प्रसिद्ध आहे. तुम्ही शिक्क्याचा फोटो पाठवलात, पण शिक्का हा सगळ्यात कमी भरवशाचा पुरावा. खऱ्या जुन्या कितीतरी कुंड्यांवर शिक्का नसतोच आणि नकलेवर मात्र हमखास असतो. एक गंमत सांगतो, कोणी खऱ्या कुंडीवरून साचा काढून नक्कल केली तर ती मूळ कुंडीपेक्षा लहान येते, कारण माती परत आकसते, आणि शिक्क्याच्या कडा वितळलेल्या साबणासारख्या गुळगुळीत होतात. तुमच्या फोटोत अक्षरांच्या कडा तशाच बोथट दिसतायत.

अजून तीन गोष्टी तुम्हीच बघा. उलटी करून पायांचे तळ बघा, वर्षानुवर्षं फळीवर सरकलेल्या कुंडीचे पाय जिथे टेकतात तिथेच घासलेले असतात, आणि नकलेत पायाचा तळ, बाजू, पोट सगळं एकाच रंगाचं काळपट असतं कारण रंग फासलेला असतो. आत बघा, खरंच वापरलेली असेल तर मातीच्या पातळीला क्षाराची रेघ असते, मुळांच्या केसांसारख्या खुणा असतात. आणि एक पांढरं ओलं फडकं घेऊन कोपऱ्यात जोरात घासा, फडकं तपकिरी झालं आणि तेलाचा वास आला तर समजा काळ बाटलीतून आलाय. माझा अंदाज विचाराल तर ती नवीन आहे. पण बोटाच्या पेराने टिचकी मारल्यावर टण् वाजते असं तुम्ही लिहिलंय, बद्द नाही, म्हणजे चीर नाही, भाजणी चांगली आहे. मग विक्रेत्याशी एकदा बोला, परत घेत असेल तर द्या, नसेल तर तिच्यात तुमचा जुनिपर लावा, जुनिपरला वय विचारायची सवय नाही.

साच्यावरून आठवलं, "साच्यात दाबून केलेली म्हणजे हाताने केलेली नाही" असं तुम्ही एका ओळीत ठामपणे लिहिलंय, ते तेवढं सरळ नाहीये. जपानमधलं तोकोनामे घ्या, बाराव्या शतकापासून तिथे भट्ट्या आहेत, देशातल्या सहा प्राचीन भट्टीगावांतलं एक, लोह असलेली तांबडी माती, बोन्सायच्या कुंड्यांचं एवढं मोठं नाव. तिथल्या चांगल्या चांगल्या चौकोनी कुंड्यासुद्धा प्लास्टरच्या साच्यात हाताने माती दाबून मग हाताने फिनिश केलेल्या असतात. कोपरे नीट ठेवायचे तर ती एक रीत आहे. द्रव माती ओतून हजारांनी काढलेली कुंडी वेगळी, ती हलकी असते, आतून-बाहेरून एकसारखी, पायही पोकळ. आतून हात फिरवा, दाबलेल्या मातीला बोटांच्या खुणा असतात.

उरल्या बाकीच्या चाळीस. रिकामी कुंडी जमवणं हे काही पाप नाही, जपानमधल्या ओमिया बोन्साय आर्ट म्युझियममध्ये, २०१० मध्ये उघडलं ते, झाडांसोबत कुंड्याही बघण्याची वस्तू म्हणून ठेवतात. क्योटोचा हेइआन तोफुकुजी नावाचा कुंभार होता, १८९० ते १९७०, बोन्सायच्या कुंड्यांमध्ये देव मानतात त्याला. स्वतःची भट्टी नव्हती त्याच्याकडे, दुसऱ्यांच्या भट्टीत जागा मिळेल तिथे भाजायचा आणि त्यामुळे म्हणे एवढे तऱ्हेतऱ्हेचे रंग आले, त्याच्या तळहाताएवढ्या कुंड्या लोक नुसत्या हातात धरून बसतात. तर तुमच्याकडे त्या ज्या मामे आकाराच्या, बोटाच्या दोन पेरांएवढ्या नऊ कुंड्या आहेत त्या खुशाल शोकेसमध्ये ठेवा. त्यात झाड लावलं तर उन्हाळ्यात दिवसातून तीनदा पाणी घालावं लागेल आणि एक दिवस विसरलात की संपलं. त्यांना रिकामं राहण्याची परवानगी मी देतो.

पण मोठ्या तीसेक आहेत त्यांना प्रत्येकीला एकच प्रश्न विचारा, तुझ्यात कुठलं झाड? उत्तर आलं तर चिठ्ठीवर झाडाचं नाव लिहून आत टाका. पाच वर्षांनी तयार होणारं झाड असेल तरी चालेल. उत्तर आलं नाही तर ती दुसऱ्या बोन्सायवाल्याला द्या किंवा विका, पाणी न निघणारी असेल तर ते सांगून विका. माझा अंदाज पंधरा जातील. त्यातल्या दोन-तीन गेल्याचं वर्षभर वाईट वाटेल, मला अजून एकीचं वाटतं, ओरिबे नावाच्या जपानी हिरव्या ग्लेझची होती, जाऊ दे.

खरेदी थांबवू का विचारताय, नका थांबवू, पण फोटो बघून घेऊ नका. पुठ्ठा कापा, जी कुंडी आवडलीय तिच्या लांबी-उंचीचा, रंग जवळपास जाणारा मिळाला तर उत्तम, आणि तो झाडाच्या आत्ताच्या कुंडीसमोर उभा करून चार पावलं मागे जा. दहातल्या सात खरेद्या इथेच गळतात. करून घेणार असाल तर कुंभाराला बाहेरचं माप सांगताय की आतलं ते स्पष्ट लिहा (यावरून झालेली भांडणं मी बघितलीत), झाडाचा समोरून फोटो द्या, झाड कुंडीला तारेने बांधायची भोकं हवीत हे सांगा, आणि ग्लेझ त्याच्यावर सोडा. एक-दीड सेंटीमीटर इकडेतिकडे झालं तर बोलायचं नाही.

आणि नवऱ्याला ते "मडकी" म्हणू द्या. मडकी तर आहेतच. नवऱ्यालाच एल्म उचलून धरायला बोलवा, एकट्याने तसंही जमणार नाही, एकाने झाड धरायचं आणि एकाने खालून तार ओढायची. कळ्या फुगायला लागल्या आणि अजून उघडल्या नाहीत की करा. भोकांवर जाळी आधी बसवून घ्या, तार भोकातून वर काढून ठेवा, तळाला जाड खडीचा पातळ थर, मग मध्ये थोडी माती उंच करून त्यावर झाड फिरवत फिरवत बसवा म्हणजे बुंध्याखाली पोकळी राहत नाही. काठावर जुन्या टीशर्टची पट्टी घालून घ्या, पक्कड तिथेच आपटते, माझी दर वेळी आपटते. तार पिळताना हळू, खेचायची आणि मग पिळायची, नुसती पिळली तर तुटते. मातीची पातळी काठाच्या थोडी खाली ठेवा नाहीतर पाणी घातलं की सगळं बाहेर वाहून त्या निळ्यावर चिखलाचे ओघळ येतील आणि तुम्ही परत मला पत्र लिहाल.